अराक्ने हरली होती का?

अराक्ने नावाची एक मुलगी होती. ती फार सुंदर विणायची, पण भारी गर्विष्ठ होती. 'मी अथेना देवीपेक्षा चांगलं विणते' असं म्हणायची. देवीला राग आला. दोघींची पैज लागली, अराक्ने हरली आणि देवीने तिचा कोळी करून टाकला. तेव्हापासून कोळी जाळं विणत बसलाय.

ग्रीक पुराणातली म्हणून आपल्या कानावर येते ती गोष्ट साधारण एवढीच असते. मीही ती अशीच ऐकली होती आणि भाचरांना अशीच सांगितली होती. पुढे कधीतरी ही गोष्ट ज्या काव्यातून आली ते काव्य वाचायला घेतलं, तर 'अराक्ने हरली' हे वाक्यच सापडेना. ओळ सुटली असेल म्हणून परत वाचलं. सुटली नव्हती. ते वाक्य तिथे नाहीच, उलट जवळजवळ विरुद्ध अर्थाचं एक वाक्य आहे. मग ती हरली हे सांगितलं कुणी, आणि मुळात या गोष्टीला 'मूळ' म्हणावं असं काही आहे का, हे शोधताना एकाच बाईच्या चार-पाच निरनिराळ्या गोष्टी हाती लागल्या. त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका गोष्टीत तर पैजच नाही आणि दुसरीत कोळीच नाही.

ते काव्य म्हणजे ओव्हिड या रोमन कवीचं 'मेटॅमॉर्फोसिस', अर्थात रूपांतरं. पंधरा सर्ग, लॅटिन भाषा, इ.स. ८ च्या सुमारास पुरं झालेलं. माणसाचं झाड, पक्षी, दगड, झरा, तारा होण्याच्या अडीचशेच्या आसपास गोष्टी त्यात एकीतून एक निघत जातात. अराक्नेची गोष्ट सहाव्या सर्गाच्या सुरुवातीला येते, दीडशेच्या आत ओळींत. ग्रीकांच्या अथेनाला रोमन लोक मिनर्व्हा म्हणत, म्हणून इथे देवीचं नाव मिनर्व्हा. थोडक्यात, जिला आपण बिनदिक्कत ग्रीक कथा म्हणतो तिचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं सविस्तर रूप लॅटिनमधलं आहे आणि ते अथेन्सच्या वैभवाच्या काळानंतर चार-साडेचारशे वर्षांनी लिहिलेलं आहे.

ओव्हिडची अराक्ने लिडियातली, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली. हिपाइपा नावाच्या छोट्या गावात ती राहते. (त्या गावाचे अवशेष आजच्या इझमीर प्रांतात, ओदेमिश शहराजवळ आहेत.) बाप इडमॉन, कोलोफोनचा रंगारी. समुद्री शंखांपासून काढलेल्या जांभळ्या रंगात लोकर बुडवून रंगवायची हा त्याचा धंदा. आई वारलेली, तीही साध्याच घरातली. ओव्हिड मुद्दाम सांगतो की या मुलीकडे ना घराणं होतं ना गाव, होता तो फक्त हात. आणि तो हात बघायला आसपासच्या डोंगरातल्या, नदीतल्या अप्सरा आपापली ठिकाणं सोडून यायच्या. त्या तयार कापड बघायला येत नसत, काम चाललेलं बघायला येत. कच्च्या लोकरीचा ती गोळा कसा करते, ढगासारखी मऊ लोकर बोटांनी हळूहळू कशी ओढते, अंगठ्याने टकळीला गिरकी कशी देते. बघणारा म्हणे की हिला मिनर्व्हानेच शिकवलं असणार. अराक्नेला नेमकं तेच खटके. कुणी शिकवलेलं नाही, देवीने यावं आणि माझ्यासमोर बसावं, हरले तर काय हवं ते करा, असं ती म्हणते.

इकडे मिनर्व्हा नुकतीच कलादेवींकडून त्यांच्या एका स्पर्धेची हकिगत ऐकून आलेली असते. त्यांच्याशी स्पर्धा करायला आलेल्या नऊ बहिणींचे त्यांनी मॅगपाय पक्षी करून टाकलेले असतात. म्हणजे देवी निघते तीच डोक्यात काहीतरी घेऊन. ती म्हातारीचं सोंग घेते, पांढरे केस, हातात काठी, आणि अराक्नेला समजावते की माणसांत पहिली हो, देवीपुढे मात्र नमतं घे आणि माफी माग, ती देईल. यावर अराक्नेचं उत्तर असं: म्हातारे, तुझी बुद्धी वयाने गेलीये, घरी सुना-लेकी असतील तर हे त्यांना जाऊन सांग. देवी स्वतः का नाही येत?

'आलीये,' असं म्हणून देवी सोंग टाकते.

ही दोन हजार वर्षांपूर्वीची ओळ, पण सुना-लेकींचा उल्लेख वाचून मला एकदम एखाद्या वाड्यातलं भांडण ऐकू आलं. अप्सरा आणि जमलेल्या बायका हात जोडतात. एकटी अराक्ने घाबरत नाही. तिचा चेहरा क्षणभर लाल होतो आणि पहाटेच्या आभाळासारखा परत पांढरा पडतो, बस.

दोन माग उभे राहतात. ओव्हिडला विणकामाची नीट माहिती होती असं दिसतं, कारण तो उगाच 'त्या विणू लागल्या' म्हणून पुढे जात नाही. तुळईला ताणा, म्हणजे उभे धागे, बांधला, बोरूच्या काडीने ताण्याचे धागे वेगळे केले, धोट्याने मधून बाणा, म्हणजे आडवा धागा, घातला, फणीच्या दातांनी तो ठोकून बसवला, असं क्रमाने सांगतो. दोघींनी वस्त्रं वर खोचली आणि भराभर हात चालवले. रंग एकातून दुसऱ्यात असे सरकत होते की इंद्रधनुष्यासारखे शेजारशेजारचे दोन रंग वेगळे ओळखू येऊ नयेत, पण दोन टोकं बघावीत तर पार निराळी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'चित्र विणणं' म्हणजे काय हे डोळ्यांपुढे आलं नाही तर पुढचं भांडण कळत नाही. यात कापड आधी विणून त्यावर भरतकाम केलेलं नसतं. चित्रातला प्रत्येक रंगाचा तुकडा त्या-त्या रंगाच्या बाण्याने, तेवढ्याच जागेपुरता, हाताने घालायचा असतो. हे काम आपल्याकडे डोळ्यांनी बघायचं असेल तर येवल्याला किंवा पैठणला जावं. पैठणीच्या पदरावरचा मोर याच पद्धतीने होतो. एका ओळीत जितके रंग तितक्या छोट्या तिल्ल्या मागावर लोंबत असतात. हिरव्याची तिल्ली चार धागे जाऊन परत फिरते, शेजारच्या गुलाबीला अडकवून. ओळ पुरी झाली की ठोकायची आणि पुढची घ्यायची. म्हणून तर तो मोर उलट्या बाजूनेही जवळपास सुलट्यासारखाच दिसतो. एका दिवसात किती बोटं कापड पुढे सरकतं हे पाहिलं की ओव्हिडच्या गोष्टीतली एका बैठकीत विणलेली दोन मोठी चित्रं ही निव्वळ कवीची मौज आहे हे लक्षात येतं.

देवी काय विणते? स्वतःचा विजय. अथेन्स नगरी कुणाची यावरून तिचा आणि समुद्रदेव नेपच्यूनचा वाद झाला होता. मधे बारा देव सिंहासनांवर बसलेले, नेपच्यून त्रिशूळ मारून खडकातून पाणी काढतोय, आणि देवी भाला टेकवून ऑलिव्हचं झाड उगवते. एवढ्यावर न थांबता चार कोपऱ्यांत ती चार छोटी चित्रं घालते. चारही देवांशी बरोबरी करणाऱ्या माणसांची. कुणाचे डोंगर झालेत, कुणाचा करकोचा, कुणाच्या देवळाच्या पायऱ्या. भोवती ऑलिव्हच्या डहाळ्यांचा काठ. सगळं सममितीत, मधे सत्ता आणि कोपऱ्यांत धमकी.

अराक्ने विणते ती देवांनी वेष पालटून बायकांना कसं फसवलं त्याची चित्रं. बैल होऊन युरोपाला पळवणारा देवांचा राजा ज्युपिटर, हंस होऊन लीडाकडे गेलेला, सोन्याचा पाऊस होऊन डानाईकडे गेलेला. मग नेपच्यून, अपोलो, बॅकस, सॅटर्न. मोजली तर एकवीस प्रकरणं भरतात आणि त्यांतली नऊ एकट्या ज्युपिटरची. इथे मधलं आणि कडेचं असं काही नाही, एकातून दुसरं वाहत जातं. युरोपाच्या चित्रापाशी ओव्हिड रेंगाळतो. बैल खरा वाटावा, समुद्र खरा वाटावा. ती मुलगी मागे राहिलेल्या किनाऱ्याकडे बघतेय, मैत्रिणींना हाका मारतेय, आणि उसळणारं पाणी लागेल म्हणून भीतीने पाय वर ओढून घेतेय. हे पाय ओढून घेणं मला या अख्ख्या प्रसंगातलं सर्वांत मोठं काम वाटतं. देवीच्या चित्रात कुणालाच कशाची भीती वाटत नाही.

हे चित्र केवढं धाडसाचं होतं ते अथेन्सच्या बाजूने बघितल्यावर आणखी कळतं. विणकामाची अधिष्ठात्री म्हणून तिथे अथेनाची पूजा होत असे आणि तिच्या मोठ्या उत्सवासाठी अथेन्सच्या मुली-बायका नऊ महिने खपून तिला वस्त्र विणत. त्या वस्त्रावर देवांनी राक्षसांवर मिळवलेला विजय असे. विणलेल्या चित्रांचं नेमलेलं काम देवांचा जयजयकार करणं हे होतं. अराक्नेने तोच माग, तीच लोकर घेऊन देवांवरचं आरोपपत्र विणलं. ओव्हिडनेही त्या वस्त्राला देवांच्या गुन्ह्यांचं वस्त्र असंच म्हटलंय.

आता निकाल. ओव्हिडची ओळ अशी आहे की त्या कामात मिनर्व्हाला काही खोट काढता आली नसती, आणि प्रत्यक्ष मत्सरालाही नाही. पुढची ओळ: तिचं यश बघून देवीला सल बसला. तिने ते चित्र टराटरा फाडलं आणि हातातला धोटा अराक्नेच्या कपाळावर तीन-चारदा हाणला.

बस. पंच नाहीत, मतदान नाही, कुणी हरल्याची घोषणा नाही. ज्या बाईला खोट सापडली नाही तिने कापड फाडलं, याचा अर्थ काय घ्यायचा ते कवीने तुमच्यावर सोडलंय. अराक्नेला ते सहन होत नाही आणि ती गळफास लावून घेते. या ठिकाणी ओव्हिड तिच्यासाठी जो शब्द वापरतो त्याचा अर्थ मानी, तेज अंगात असलेली असा आहे. शरम वगैरे काही नाही. देवीला दया येते, ती तिला उचलून धरते आणि म्हणते, जग, पण लटकतच राहा, आणि तुझ्या पुढच्या पिढ्याही. जाता जाता ती तिच्यावर एका जादूच्या वनस्पतीचा रस शिंपडते. केस गळतात, नाक-कान गळतात, डोकं बारीक होतं, बोटं कुशीला चिकटून पाय होतात आणि बाकी सगळं पोट. त्या पोटातून ती अजून धागा काढते आणि पूर्वीसारखंच विणते.

मराठीत सांगताना इथे एक अडचण येते. अराक्नेचा 'कोळी' झाला म्हणावं तर बाईचा पुरुष होतो, आणि 'कोळीण' झाली म्हणावं तर ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघते. ग्रीकांना ही अडचण नव्हती. त्यांच्याकडे 'अराक्ने' याच शब्दाचा अर्थ कोळी, आणि तो स्त्रीलिंगी. गोष्टीतल्या मुलीचं नाव जन्मापासूनच कोळी होतं.

मग ती हरली हे आलं कुठून? बराचसा दोष एकोणिसाव्या शतकात घराघरांत वाचण्यासाठी पुराणकथा 'नीट करून' लिहिणाऱ्यांकडे जातो. त्यातलं सर्वांत जास्त खपलेलं पुस्तक थॉमस बुलफिंच या अमेरिकन लेखकाचं, १८५५ सालचं. बुलफिंच कापड फाडल्याचं लपवत नाही. कामाचं कौतुकही करतो, पण त्यात उद्धटपणा आणि देवनिंदा उघड दिसत होती अशी पुस्ती जोडतो. कपाळावरचे धोट्याचे फटके मात्र गायब आहेत. त्याची देवी अराक्नेच्या कपाळाला नुसता स्पर्श करते आणि त्या स्पर्शाने अराक्नेला आपल्या अपराधाची जाणीव होऊन लाज वाटते. मार खाल्लेल्या बाईचा संताप काढून तिथे पश्चात्ताप बसवला. एक क्रियापद बदललं आणि गुन्हेगार बदलला.

त्याच शतकाच्या शेवटी अमेरिकेतच निघालेल्या एका बालपुस्तकाने उरलंसुरलंही आवरून टाकलं. त्यात ज्युपिटर स्वतः परीक्षक. अट अशी की हरेल तिने पुन्हा टकळी-मागाला हात लावायचा नाही. अराक्ने हरते, रडते की आता जगू कशी, आणि देवी कनवाळूपणे तिचा कोळी करते, म्हणजे मागाशिवाय विणता येईल. मुलांना फास सांगायचा नाही ही काळजी मला पटते, मीही तो गाळलाच होता. पण ज्याची नऊ प्रकरणं कापडावर आहेत त्यालाच पंच नेमणं ही कमाल आहे.

ओव्हिडबद्दल एक आकर्षक सिद्धांत वारंवार वाचायला मिळतो. सम्राट ऑगस्टसने त्याला इ.स. ८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला, म्हणजे आजच्या रुमानियातल्या कॉन्स्टान्त्साला हद्दपार केलं. कारण म्हणून ओव्हिड स्वतः 'एक कविता आणि एक चूक' एवढंच सांगतो. तो तिथेच वारला. म्हणून अराक्ने म्हणजे ओव्हिड आणि मिनर्व्हा म्हणजे ऑगस्टस, असं समीकरण मांडलं जातं. कलावंताने सत्तेची लफडी उघड केली आणि सत्तेने हात उगारला. समीकरण देखणं आहे, पण तारखांत बसत नाही. हद्दपारीचा हुकूम आला तेव्हा हे काव्य जवळजवळ पुरं झालेलं होतं, त्याच्या प्रती मित्रांकडे फिरत होत्या. फार तर असं म्हणता येईल की सत्ता आणि कला यांचं कसं जमतं ते त्याला आधीच दिसत होतं. त्याची बाजू कुठली हे कळायला सम्राटाची गरजही नाही. त्याचं स्वतःचं काव्य बघा: मधोमध काही नाही, एका गोष्टीतून दुसरी वाहत जाते, आणि देव त्यात सतत वेष पालटून बायकांच्या मागे असतात. ते अराक्नेच्या कापडासारखं आहे, मिनर्व्हाच्या नाही. काव्य रचण्यासाठी तो जे क्रियापद वापरतो तेच या दोघींच्या धाग्यासाठीही वापरतो. आपल्याकडे सूत्र म्हणजे धागा आणि ग्रंथ म्हणजे गुंफलेलं, तसंच.

ओव्हिडच्या आधी काय होतं? फार थोडं. त्याच्या पिढीभर आधीच्या व्हर्जिल या रोमन कवीच्या शेतीवरच्या काव्यात मधमाश्यांच्या शत्रूंची यादी आहे. त्यात जाता जाता 'मिनर्व्हाला नकोसा असलेला कोळी' दारात सैल जाळी टांगतो, असं म्हटलंय. का नकोसा हे सांगायची त्याला गरज वाटली नाही, म्हणजे वाचकांना काहीतरी माहीत होतं. कॉरिंथमध्ये सापडलेल्या, साधारण ख्रि.पू. ६०० च्या एका इवल्याशा तेलाच्या कुपीवर माग आणि बायका रंगवलेल्या आहेत. ही अराक्नेचीच पैज, असं १९५६ साली मांडलं गेलं, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. बायका विणताना दिसल्या की ती अराक्नेच, असं धरलं तर अर्ध्या ग्रीसमधली भांडी अराक्नेची निघतील.

आता ती दुसरी गोष्ट, जी ऐकल्यावर माझ्या भाचीने 'ही तीच आहे?' असं विचारलं. निकँडर नावाच्या ग्रीक कवीने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात विषारी प्राण्यांवर एक काव्य लिहिलं. जुन्या हस्तलिखितांच्या समासात पंडितांनी टिपा लिहून ठेवलेल्या असतात, तशा या काव्यावरही आहेत. कोळ्यांच्या उल्लेखापाशी एक टीप थिओफिलस नावाच्या लेखकाच्या हवाल्याने सांगते: अथेन्सच्या मुलखात, अ‍ॅटिकात, फॅलँक्स आणि अराक्ने हे भाऊ-बहीण होते. अथेनाने भावाला शस्त्रविद्या शिकवली, बहिणीला विणकाम. पुढे त्या दोघांचाच एकमेकांशी संबंध आला. देवीला किळस आली आणि तिने दोघांना सरपटणारे जीव केलं, अशा शापासह की त्यांची पोरंच त्यांना खातील.

पैज नाही, कापड नाही, गर्व नाही. लिडियाही नाही. अराक्ने इथे देवीची प्रतिस्पर्धी नसून शिष्या आहे. भावाचं नावही सहज पडलेलं नाही. ग्रीकमध्ये विषारी कोळ्याला 'फॅलँजियन' म्हणत आणि सैन्याच्या दाट रांगेला 'फॅलँक्स'. शब्दांच्या या गमतीतूनच शस्त्र शिकणारा भाऊ उगवला असावा असं मला वाटतं.

पोरांनी आई-बापाला खाण्याचा शाप मात्र शब्दांच्या खेळातून आलेला नाही. अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहिलंय की अशा कोळ्यांची पिल्लं मोठी झाली की आईला घेरून मारतात आणि सापडला तर बापालाही. यात तथ्य आहे. काही जातींत पिल्लं खरोखर आईला खातात. भारतात शेकडोंच्या संख्येने एकाच जाळ्यात नांदणारा एक कोळी आहे, स्टेगोडायफस वंशातला. त्याची मादी पिल्लांना आधी तोंडातून अन्न भरवते आणि शेवटी स्वतःच त्यांचं अन्न होते. कुणीतरी हे बारकाईने पाहिलं आणि त्याला शोभेल असं पाप शोधून काढलं. ओव्हिडच्या गोष्टीची सुरुवात कोळ्याच्या धाग्यापासून होते, या गोष्टीची कोळ्याच्या घरातल्या या प्रकारापासून.

तिसरी अराक्ने प्लिनीची. हा रोमन अधिकारी इ.स. ७७ च्या सुमारास जगातल्या सगळ्या माहितीचा कोश लिहीत होता. कशाचा शोध कुणी लावला याची त्यात एक लांबलचक यादी आहे. तिथे अर्ध्या ओळीत: लोकर कातायची टकळी अराक्नेचा मुलगा क्लॉस्टर याने शोधली, आणि जवसाच्या धाग्याचं कापड व जाळी अराक्नेने. संपलं. देवी नाही, शाप नाही, कोळीही नाही. मुलाबाळांची, संसारी, कर्तबगार बाई. 'क्लॉस्टर' या ग्रीक शब्दाचा अर्थच टकळी, म्हणजे टकळीचा शोध श्रीयुत टकळी यांनी लावला असा प्रकार आहे. प्लिनीने हे कुठून उचललं कुणास ठाऊक, पण तो ते अगदी गंभीरपणे सांगतो.

आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला ही तिसरी गोष्टच सर्वांत जवळची वाटायला हवी. प्लिनीची अराक्ने जाळी शोधते. आपल्याकडे भिंतीवर असतो तोही कोळी आणि समुद्रावर जातो तोही कोळी, आणि दोघांच्या हातात जाळंच. कोळ्याला विणकर म्हणायचं आपल्या भाषेला सुचलेलं दिसत नाही, मासेमाऱ्याशी त्याची जोडी लावली. प्रत्यक्षात तेच जास्त बरोबर आहे. विणणं म्हणजे ताण्याच्या धाग्यांवरून-खालून बाणा नेणं. कोळी तसं काही करत नाही. बागेतलं गोल जाळं सकाळी दव पडल्यावर जवळून बघा. तो आधी बाहेरची चौकट बांधतो, मग मधल्या बिंदूपासून चाकाच्या आऱ्यांसारखे धागे टाकतो, मग चिकट धाग्याची वेटोळी लावत आत येतो. जिथे धागा धाग्याला भेटतो तिथे तो नुसता चिकटवलेला असतो, वर-खाली गेलेला नसतो. अ‍ॅरिस्टॉटलने हा क्रम साधारण बरोबर टिपला होता, पण त्यालाही ताणा-बाण्याचेच शब्द वापरावेसे वाटले. मागावर रोज विणणाऱ्या बायकांच्या समाजात कोळी विणकर झाला, यात नवल नाही.

ओव्हिडनंतर गोष्ट कुणाच्या हातात पडली त्याप्रमाणे वळत गेली. रोममध्ये इ.स. ९७ मध्ये खुला झालेल्या नर्व्हाच्या चौकात एक शिल्पपट्टी अजून उभी आहे. त्यात कातणाऱ्या-विणणाऱ्या बायका आहेत आणि एका बाईवर हात उगारलेली देवी आहे. ती अराक्ने असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौक बांधायला घेणारा सम्राट डोमिशियन मिनर्व्हाचा परमभक्त होता, तेव्हा ही पट्टी कुणाच्या बाजूची ते सांगायला नको. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दान्ते या इटालियन कवीने तिला गर्विष्ठांच्या रांगेत टाकलं. त्याच्या काव्यातल्या शुद्धिलोकाच्या, म्हणजे मेल्यावर पापं धुतली जातात त्या जागेच्या, फरसबंदीवर ती कोरलेली आहे, अर्धी बाई, अर्धी कोळी, स्वतःच्याच कामाच्या चिंध्यांवर बसलेली. चिंध्या तो विसरला नाही हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. आणि १४०५ साली पॅरिसमध्ये क्रिस्तीन द पिझाँ या लेखिकेने स्त्रियांच्या कर्तृत्वाचं पुस्तक लिहिताना प्लिनीकडून आलेली अराक्ने उचलली. लोकर रंगवणं, चित्रं विणणं, जवस वगैरे पिकवून धागा काढणं, जाळी करणं, हे सगळं तिच्या नावावर जमा केलं. पैजेच्या भानगडीत क्रिस्तीन फारशी शिरतच नाही.

शेवटी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं व्हेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराचं चित्र, साधारण १६५५ ते १६६० मधलं. पुढे अंधारात सूतकताईचा कारखाना. डावीकडे एक म्हातारी चरखा फिरवतेय आणि तो इतक्या वेगात आहे की आरे दिसतच नाहीत, नुसती हवा चमकते. मधे मांजर. उजवीकडे पाठमोरी तरुणी, पांढरं पोलकं, गुंडा गुंडाळणारा उघडा हात. कितीतरी काळ लोकांना हे एवढंच दिसत होतं आणि चित्राला 'सूत कातणाऱ्या' म्हणत. पण मागे दोन पायऱ्या चढून एक उजळ खोली आहे. तिथे शिरस्त्राण घातलेल्या एका बाईने हात उगारलाय, समोर एक मुलगी उभी आहे, आणि तिच्यामागच्या भिंतीवर विणलेलं चित्र टांगलंय. ते चित्र युरोपाचं, आणि तेही टिशन या व्हेनिसच्या चित्रकाराच्या चित्रावरून जसंच्या तसं. टिशनचं ते चित्र तेव्हा स्पेनच्या राजाच्या संग्रहात होतं. एवढ्या नावाजलेल्या चित्रकाराचं काम व्हेलास्केसने अराक्नेच्या नावावर लावून दिलं. उगारलेला हात अजून खाली आलेला नाही, कापड अजून फाटलेलं नाही.

मागच्या खोलीत काय चाललंय ते अभ्यासकांनी १९४८ साली ओळखलं. त्याच सुमारास माद्रिदच्या एका दरबारी गृहस्थाच्या मालमत्तेची १६६४ ची यादी सापडली. तीत या चित्राची नोंद होती, नावासकट: 'अराक्नेची कथा'. देवीचं नाव त्या नोंदीत नाही.